विषाणू पेशीत कसा शिरतो? खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलचा केळीपट्टा असो, शहाद्याच्या पपईच्या बागा असोत की नंदुरबारचा मिरचीचा बाजार, विषाणूंविषयीचे प्रश्न सगळीकडे कानावर येतात आणि वरकरणी ते एकमेकांपासून फार वेगळे वाटतात. कोणाला केळीच्या पिवळ्या पानाची काळजी असते, कोणाला बैलाच्या अंगावरील गाठींची, तर कोणाला मुलाच्या डेंग्यूची. मात्र विषाणू कोणत्या पेशीत शिरू शकतो आणि कोणत्या वाटेने शिरतो, एवढे समजले की यांतील बहुतेक प्रश्नांचा उलगडा होतो. म्हणून पुढील उत्तरांत रोगांच्या यादीपेक्षा या प्रवेशावरच भर दिला आहे.

विषाणू म्हणजे नेमके काय?

आनुवंशिक मजकुराचा एक छोटासा धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच विषाणूचा संसार असतो. हा धागा डीएनएचा असतो किंवा आरएनएचा. एकाच विषाणूकणात दोन्ही नांदताना सहसा दिसत नाहीत. इन्फ्लुएन्झा, करोना, रेबीज, डेंग्यू यांसारख्या काही विषाणूंच्या कवचाबाहेर स्निग्ध पदार्थाचे आणखी एक आवरण असते आणि ते त्यांनी बाहेर पडताना आपल्याच पेशीच्या पटलातून उचललेले असते. पोलिओच्या विषाणूला असे आवरण नसते.

अन्न पचवणे, ऊर्जा तयार करणे, प्रथिने बांधणे यांपैकी एकही काम विषाणूला स्वतःला जमत नाही. जिवाणू आणि विषाणू यांच्यातील खरा फरक हाच आहे. दुधाचे दही करणारा जिवाणू ही एक संपूर्ण पेशी असते. उबदार दूध मिळाले की तो स्वतःच्या बळावर वाढतो. त्याच दुधात विषाणू कितीही दिवस ठेवला तरी एकाचे दोन होणार नाहीत.

मग तो सजीव मानायचा की निर्जीव?

या वादाला जुना इतिहास आहे. दिमित्री इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1892 मध्ये रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाडांना रोग होतच राहिला. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी 1898 मध्ये हा जिवाणूंपेक्षा वेगळाच संसर्गकारक घटक असल्याचे मांडले. पुढे 1935 मध्ये अमेरिकेचे वेंडेल स्टॅन्ली यांनी हाच तंबाखूचा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. मिठाचे किंवा साखरेचे स्फटिक होतात तसे रोगाचेही होऊ शकतात, ही गोष्ट त्या काळी अनेकांच्या पचनी पडली नाही; स्टॅन्ली यांना मात्र 1946 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

पेशीबाहेरचा विषाणू हा निष्क्रिय कण असतो आणि पेशीत गेल्यावर त्याचे पुनरुत्पादन व उत्क्रांती दोन्ही घडतात. प्रस्तुत लेखकाला यापलीकडे या वादात फारसा रस नाही, कारण सजीव म्हटले काय किंवा निर्जीव म्हटले काय, त्याने केळीच्या बागेत किंवा दवाखान्यात काही फरक पडत नाही.

विषाणू किती लहान असतो?

पोलिओचा विषाणू सुमारे 30 नॅनोमीटरचा असतो, करोनाचा साधारण 100 नॅनोमीटरचा, तर देवीच्या कुळातील विषाणू सुमारे 300 नॅनोमीटरपर्यंत जातात. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकातून साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून बहुतेक विषाणू पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि आजही अशी तपासणी तेथे होते.

गुरांचा लम्पी माणसाला का होत नाही?

प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिच्या स्वतःच्या कामासाठी अनेक प्रकारचे रेणू असतात. संप्रेरके ओळखणे, पोषकद्रव्ये आत घेणे, शेजारच्या पेशीला धरून राहणे ही त्या रेणूंची कामे होत. यांपैकी एखाद्या रेणूला विषाणूच्या कवचावरील प्रथिन घट्ट चिकटू शकले, तर प्रवेशाची पहिली पायरी पार पडते. अशा रेणूला ग्राही म्हणतात. एचआयव्ही हा विषाणू सीडी4 या ग्राहीला चिकटतो, म्हणून तो प्रामुख्याने विशिष्ट पांढऱ्या पेशींनाच गाठतो. करोनाचा विषाणू एसीई2 या ग्राहीला चिकटतो. मात्र चिकटणे पुरेसे नसते. आत गेल्यावर त्या पेशीची यंत्रणा विषाणूला मानवावी लागते आणि पेशीच्या बचावालाही तोंड द्यावे लागते.

लम्पी त्वचारोगाचा विषाणू देवीच्या कुळातील असला तरी तो मुख्यतः गाय-बैलांचा आणि काही प्रमाणात म्हशींचा आहे. माणसाला त्याची लागण होत नाही. 2022 च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यात या रोगाने गुरे आजारी पडली, तेव्हा दूध प्यावे की नाही अशी धास्ती अनेक घरांनी घेतली होती. दूध उकळून पिण्यास तेव्हाही हरकत नव्हती आणि आताही नाही. हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून गोठ्यात धूर करणे, आजारी जनावर वेगळे बांधणे आणि वेळेवर लस टोचून घेणे यांचाच खरा उपयोग होतो. त्या वर्षी गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. दोन्ही विषाणू इतके जवळचे आहेत की एकाच्या लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी रोखते.

मग नवापूरला कोंबड्यांचा फ्लू आला, तेव्हा माणसांविषयी एवढी भीती का होती?

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच5एन1 या बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव निश्चित झाला. भारतातील ही पहिलीच नोंद होती आणि तेथील कुक्कुटपालन केंद्रांतील लाखो पक्षी नष्ट करावे लागले.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीवरील सियालिक आम्ल या शर्करेला चिकटतो. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वसनमार्गात ही शर्करा एका प्रकारे जोडलेली असते, तर माणसाच्या नाक-घशात ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारे जोडलेली असते. जोडणीतील एवढ्याशा फरकामुळे पक्ष्यांचा फ्लू माणसाच्या नाकात सहजासहजी तळ ठोकत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. पण माणसाच्या फुप्फुसाच्या खोल भागात पक्ष्यांसारखी जोडणी आढळते. आजारी कोंबड्यांची विष्ठा, पिसे आणि धूळ यांच्यात तासन्तास काम करणाऱ्याच्या छातीत विषाणू खोलवर गेला, तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. विषाणूच्या प्रथिनात बदल होऊन त्याला नाक-घशातील जोडणीही पकडता आली तर काय, ही भीती त्यामागे होती आणि ती निराधार नव्हती.

चिकटल्यानंतर विषाणू आत कसा जातो?

फ्लूचेच उदाहरण पुढे नेऊ. विषाणू चिकटला की पेशीचे पटल त्या जागी आत दबते आणि त्याला एका पुटिकेत, म्हणजे सूक्ष्म पिशवीत, गुंडाळून आत ओढून घेते. पोषकद्रव्ये आत घेण्याची पेशीची ही रोजचीच रीत आहे. येथे ती विषाणूच्या पथ्यावर पडते. पुटिका आत सरकताना आम्लधर्मी होत जाते, कारण आलेल्या वस्तूंचे पचन करण्यासाठी पेशी तिच्यात आम्लता वाढवते. फ्लूच्या विषाणूवरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन नेमके याच आम्लतेची वाट पाहत असते. आम्लता वाढली की ते आपला आकार बदलते, त्यात दडलेले टोक पुटिकेच्या पटलात रुतते आणि विषाणूचे आवरण व पुटिकेचे पटल एकमेकांत मिसळून जातात. कवच सुटे होते, आरएनएचे आठ तुकडे मोकळे होऊन पेशीच्या केंद्रकाकडे जातात.

एचआयव्हीसारखे काही विषाणू आम्लतेसाठी थांबत नाहीत. त्यांचे आवरण पेशीच्या बाह्य पटलाशीच एकरूप होऊ शकते. आवरण नसलेला पोलिओचा विषाणू पटलाला छिद्र पाडून त्यातून आपला आरएनए आत सोडतो, आणि जिवाणूंवर जगणारे काही जीवाणुभक्षी विषाणू तर स्वतः बाहेर राहून आपला डीएनए शेपटीतून जिवाणूत ढकलतात. हर्शी आणि चेस या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये याच जीवाणुभक्षींवर प्रयोग करून आनुवंशिक मजकूर प्रथिनात नव्हे, डीएनएमध्ये असतो, हे दाखवले.

आत गेल्यावर पेशी त्याचे हुकूम का मानते?

पेशीतील रायबोसोम हे प्रथिने बांधणारे यंत्र समोर आलेला आरएनए वाचते. तो कोणाकडून आला, याची शहानिशा ते करत नाही. कावळीच्या घरट्यात कोकिळेने अंडे घालावे आणि कावळीने ते आपलेच समजून उबवावे, तसा हा प्रकार आहे. कोकिळेचे एकच पिल्लू वाढते; पोलिओचा विषाणू मात्र एका पेशीतून सहा ते आठ तासांत हजारो नवे कण तयार करून घेतो आणि शेवटी ती पेशी फोडून टाकतो.

मजकुराच्या प्रकारानुसार पुढील वाट बदलते. पोलिओ, डेंग्यू आणि करोना यांचा आरएनए रायबोसोमला थेट वाचता येतो. फ्लू आणि रेबीज यांचा आरएनए उलट्या क्रमाचा असल्याने त्याची वाचनीय प्रत काढणारे विकर (असे काम घडवून आणणारे प्रथिन, एन्झाइम) विषाणूला बरोबर आणावे लागते. बहुतेक डीएनए विषाणू पेशीच्या केंद्रकात जाऊन तेथील विकरे वापरतात, तर देवीच्या कुळातील विषाणू, म्हणजे लम्पीचाही, आपली विकरे सोबत बाळगून केंद्रकाबाहेरच कारभार मांडतात. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करून तो पेशीच्या गुणसूत्रातच शिवून टाकतो. असे करणारे विकर 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले.

नवे कण तयार झाले की काही विषाणू पेशी फोडतात, तर आवरण असलेले बहुतेक विषाणू पटलातून एकेक करून बाहेर पडतात. फ्लूच्या विषाणूला बाहेर पडतानाही त्याच सियालिक आम्लाची अडचण होते, म्हणून न्यूरामिनिडेज हे त्याचे विकर ती शर्करा कापून त्याला मोकळे करते. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचे औषध नेमके याच विकराला अडवते.

केळीच्या पेशीला तर जाड भिंत असते. तिच्यात विषाणू कसा शिरतो?

खान्देशात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते, त्यामुळे प्राण्यांच्या पेशीसारखा ग्राहीला चिकटून प्रवेश तेथे होत नाही. वनस्पतींच्या विषाणूंना जखम हवी असते, आणि ती जखम बहुतेक वेळा एखादा किडाच करून देतो.

केळीवर येणारा, आपल्याकडे हरण्या म्हणून ओळखला जाणारा रोग कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो. या विषाणूचा आरएनए तीन मुख्य तुकड्यांत विभागलेला असून ते वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात, म्हणजे लागण पूर्ण होण्यासाठी ते सगळे एकाच पेशीत पोहोचावे लागतात. हे काम मावा करतो. मावा पानावर बसला की हे झाड आपल्या कामाचे आहे का, हे पाहण्यासाठी सोंडेने काही सेकंद रस चाखतो. तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो आणि पुढच्या झाडाची चव घेताना तेथे उतरतो. कपाशीवरचा मावाही हा विषाणू वाहतो. त्याला केळीवर वस्ती करायची नसते. तो नुसता चाखून उडून जातो आणि नुकसान तेवढ्यातच होऊन जाते. म्हणूनच बागेत मावा दिसत नाही, तरी रोग कसा आला, असे अनेकांना वाटते, आणि म्हणूनच फवारणीने हा रोग थांबवता येत नाही. औषधाने किडा मरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आतच त्याचे काम उरकलेले असते.

एकदा आत गेलेला विषाणू भिंतीतील सूक्ष्म वाटांमधून शेजारच्या पेशीत जातो. त्या वाटा रुंद करणारे खास प्रथिन तो तयार करून घेतो. पुढे रसवाहिन्यांतून तो कंदापर्यंत आणि कोवळ्या पोंग्यापर्यंत पोहोचतो. पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसतात, पाते आक्रसते, ढगाळ आणि सततच्या पावसाच्या दिवसांत पोंगा सडू लागतो. हा विषाणू काकडीवर्गीय वेली, टोमॅटो, मिरची आणि कितीतरी तणांवर राहतो, त्यामुळे नव्या बागेत काकडी किंवा भोपळ्याचे आंतरपीक घेणे आणि बांधावरचे तण तसेच ठेवणे म्हणजे रोगाला आवतण देण्यासारखे आहे. रोगट झाड कंदासह उपटून बागेबाहेर पुरणे किंवा जाळणे, आणि ते एक-दोन झाडांवर असतानाच करणे, यापेक्षा परिणामकारक उपाय नाही. घड येईल या आशेने झाड ठेवले, तर त्या झाडाचाही घड धड येत नाही आणि शेजारची झाडेही जातात.

ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे घेतली तरी हा रोग का येतो?

कोंबाच्या अगदी टोकावरील वाढत्या पेशींपर्यंत विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो, म्हणून तेवढ्याच सूक्ष्म भागापासून, आणि मातृवृक्षाची विषाणूचाचणी करून, तयार केलेले रोप रोगमुक्त असू शकते. चाचणी टाळली, तर मात्र एका रोगट कंदापासून हजारो रोगट रोपे होतात. शिवाय रोप निरोगी असणे आणि रोगप्रतिकारक असणे या भिन्न बाबी आहेत. कोवळे, लुसलुशीत रोप शेतात आल्यावर माव्याच्या सोंडेपुढे इतर रोपांइतकेच उघडे असते.

मिरचीवरचा बोकड्या हा विषाणूच असतो का?

प्रत्येक वेळी नाही. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूला वळतात, कोळ्यांमुळे बहुधा खालच्या बाजूला. यांत विषाणूचा संबंध नसतो आणि त्या किडींचा बंदोबस्त केला की नवी पाने सरळ निघतात. पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छाचा विषाणू असेल, तर मात्र पाने बारीक, गोळा झालेली आणि पिवळसर होतात, झाड खुरटते आणि पुढे सुधारत नाही. तो माव्याच्या विषाणूसारखा सोंडेवर बसून येत नाही. तो माशीच्या आतड्यातून शरीररसात आणि तेथून लाळग्रंथीत जातो, त्यामुळे माशीला बराच वेळ रस शोषावा लागतो, पण नंतर ती कित्येक दिवस रोग पसरवू शकते. येथे रोपवाटिकेवर बारीक जाळी लावणे आणि पांढऱ्या माशीवर नियंत्रण ठेवणे यांचा उपयोग होतो.

अँटिबायोटिकने विषाणू का मरत नाही?

कारण अँटिबायोटिक ज्या जागी घाव घालते, ती जागाच विषाणूत नसते. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, इतर काही औषधे जिवाणूचा रायबोसोम बंद पाडतात. विषाणूला भिंतही नाही आणि रायबोसोमही नाही. तो आपलीच यंत्रणा वापरत असल्याने त्याला मारताना आपल्या पेशीला धक्का लागू न देणे हेच अवघड असते. नागिणीवरील ॲसायक्लोव्हिर यातून वाट काढते, कारण ते विषाणूच्याच एका विकराने चालना दिल्यावर काम करू लागते, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी होतो.

लहानपणी कांजिण्या झाल्या, म्हातारपणी नागीण कशी निघते?

तो एकच विषाणू आहे. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो चेतापेशींच्या गाठींमध्ये निद्रिस्त राहतो आणि वय, आजारपण किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती उतरली की त्या चेतातंतूच्या पट्ट्यात पुन्हा उफाळतो. म्हणून नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला निघते. तिचे दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, या समजुतीला काहीही आधार नाही.

कुत्रा चावल्यानंतर लस घेऊन उपयोग कसा होतो?

रेबीजचा विषाणू रक्तातून धावत मेंदूकडे जात नाही. तो जखमेजवळच्या चेतातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला सहसा काही आठवडे ते महिने लागतात. लस ताबडतोब घेतली तर प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी शरीराची प्रथिने, त्याआधी तयार होतात. जखम खोल असेल तर तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत टोचतात. एकदा लक्षणे दिसली की रोगी वाचणे जवळपास अशक्य असते, म्हणून दिरंगाई चालत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना किंवा तंबाखू भरू नये.

साबणाने विषाणू मरतो, तर मग प्रत्येकच विषाणू का मरत नाही?

साबण स्निग्ध आवरण विरघळवतो, म्हणून करोना, फ्लू आणि रेबीज यांसारखे आवरणधारी विषाणू त्याने निकामी होतात. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए किंवा जुलाब करणारा नोरोव्हायरस यांना आवरण नसल्याने त्यांच्यावर साबणाचा आणि सॅनिटायझरचा तेवढा परिणाम होत नाही. तरीही हात धुतल्याने ते पाण्याबरोबर निघून जातात.

उन्हाळा संपल्यावर कूलरमुळे डेंग्यू होतो, हे खरे का?

कूलरमुळे नव्हे, त्याच्या टाकीत राहिलेल्या पाण्यामुळे. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की उबतात. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या गावांत घरोघरी टाक्या, ड्रम आणि रांजण भरलेले असतात. ते आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासले नाहीत, तर नुसते पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच रोग पसरवत नाही. विषाणू आतड्यातून त्याच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात.

विषाणू सारखे रूप का बदलतो?

आरएनएची नक्कल करणारे विकर बहुतेक विषाणूंत आपल्या चुका तपासत नाही, त्यामुळे नव्या प्रतींत चुका राहून जातात. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात, एखादी फायद्याची ठरते. फ्लूचे आठ तुकडे असल्याने दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवा प्रकार तयार होऊ शकतो.

एखादा विषाणू जगातून कायमचा संपतो का?

दोनच संपले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे 1980 मध्ये देवीच्या रोगाचे निर्मूलन जाहीर केले आणि गुरांची बुळकांडी 2011 मध्ये संपल्याचे घोषित झाले. देवीचा विषाणू फक्त माणसात राहत होता, लपून बसणारे रुग्ण जवळपास नव्हते आणि लस टिकाऊ होती, म्हणून हे जमले. रानटी पक्ष्यांत राहणाऱ्या फ्लूच्या बाबतीत असे होणे अवघड आहे.

तंबाखू मळून मिरचीची रोपे लावली तर खरोखर रोग येतो का?

येऊ शकतो. इवानोव्स्की यांनी गाळलेला तो तंबाखूचा विषाणू अत्यंत चिवट आहे. वाळलेल्या तंबाखूत तो वर्षानुवर्षे टिकतो आणि मिरची व टोमॅटो यांनाही लागतो. त्याला किड्याची गरज नसते. रोप उपटताना पानावरील बारीक केस मोडतात, तळहाताला चिकटलेला विषाणू त्या जखमेतून आत जातो आणि मग ओळीने प्रत्येक रोपाला त्याच हाताचा स्पर्श होत राहतो. लावणीच्या दिवशी मजुरांनी तंबाखू बाजूला ठेवावी, हात साबणाने नीट चोळून धुवावेत आणि मधूनमधून मलई काढलेल्या दुधात बुडवावेत. दुधातील प्रथिनांमुळे या विषाणूची लागण कमी होते, हा अनेक देशांतील टोमॅटो उत्पादकांचा अनुभव आहे.